छत्री धरायची कोणी?

ऑनलाइन दुकानांत हल्ली 'डिझायनर अंब्रेला स्टँड' मिळतो. काळा मॅट रंग, जाळीदार पत्रा, पाणी गळायला खाली ट्रे. बागेतल्या मोठ्या छत्रीचा वेगळा: जड बूड आणि मधोमध पाइप. किंमत बघून पहिला विचार येतो तो असा, की छत्री कोपऱ्यात टेकवायला इतके पैसे कशाला? पण प्रश्न जुना आहे. छत्री उभी कोणी धरायची? त्याचं एक फार जुनं उत्तर आमच्या मावळातच आहे.

तळेगावजवळच्या आंबीत आता एमआयडीसी आहे, कॉलेजं आहेत. तिथून जुन्या मुंबई-पुणे रस्त्याने लोणावळ्याकडे निघालात की तासाभराच्या आत कार्ल्याची लेणी येतात. तिथलं मोठं चैत्यगृह इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या सुमाराचं. वैजयंतीच्या भूतपाल नावाच्या शेठजीने ते पुरं केलं आणि जंबुद्वीपातलं हे सर्वोत्तम शैलगृह आहे असा शिलालेखही कोरून घेतला (जाहिरात तेव्हाही होतीच!). बहुतेक लोक खांब आणि त्यांवरचे हत्ती बघून परततात. आत शेवटपर्यंत जा आणि स्तूपाच्या डोक्यावर बघा. तिथे एक छत्री आहे, लाकडी, आणि जुनी, मूळची.

आता ती उभी कशी आहे ते बघा. खाली स्तूपाचा भरीव दगडी घुमट, त्यावर हर्मिका नावाचा चौकोनी भाग, त्यात रोवलेला दांडा (त्याला यष्टी म्हणतात) आणि दांड्यावर छत्र. म्हणजे खाली जड बूड, मध्ये दांडा पकडणारी खोबण, वर छत्री. बागेतल्या छत्रीच्या स्टँडची रचना याहून वेगळी नाही. गंमत म्हणजे या छत्रीवर ऊनही पडत नाही आणि पाऊसही नाही, कारण वर अख्खा डोंगर आहे. ती आहे फक्त मानासाठी. आणि डोंगराच्या आडोशामुळेच लाकूड इतकी शतकं टिकलं, नाहीतर लोणावळ्याच्या पावसात काय उरणार होतं?

छत्र म्हणजे मान, हे समीकरण पुढेही चालूच राहिलं. १६७४ साली रायगडावर राज्याभिषेक झाला आणि 'छत्रपती' हा शब्द मराठी माणसाच्या तोंडी कायमचा बसला. 'अब्दागिरी' हा शब्द फारसी 'आफताबगीर' वरून आला, म्हणजे सूर्य अडवणारी. पालखीसोबत चालणाऱ्या अब्दागिऱ्या वारीत आपण बघतोच. फरक इतकाच, की इथे दगडी स्तूपाच्या जागी माणूस उभा असतो. राजाची छत्री राजा धरत नाही, धरणारा वेगळा. इतिहासात छत्राखालच्या माणसाचं नाव येतं, दांडा धरणाऱ्याचं क्वचितच. आणि काही ठिकाणी तर स्वतःची छत्री स्वतः धरायचीही सोय नव्हती. केरळात खालच्या मानलेल्या जातींना ती वापरायला मनाई होती. पाऊस सगळ्यांवर सारखाच पडत होता, तरीही.

मावळातल्या शेतकऱ्याने हा प्रश्न निराळ्याच पद्धतीने सोडवला. भातलावणीला दोन्ही हात चिखलात, मग छत्री धरणार कोण? म्हणून इरलं. बांबूच्या कांब्यांचा सांगाडा, त्यावर पळसासारखी पानं, नंतरच्या काळात प्लॅस्टिकचा कागद. डोक्यावरून पाठीवर घेतलं की वाकलेली पाठ पूर्ण झाकली जाते आणि हात मोकळे. ना नोकर, ना स्टँड. माझ्या मते सगळ्या डिझाइनांत हे सरस आहे. पण त्याला 'डिझायनर' कोणी म्हणत नाही. असो.

तिकडे लंडनमध्ये १७५० च्या दशकात जोनास हॅनवे नावाचा गृहस्थ छत्री घेऊन फिरू लागला, तेव्हा सगळ्यात जास्त टर उडवली ती भाड्याच्या घोडागाडीवाल्यांनी. पावसात लोक छत्री घेऊन चालत गेले तर त्यांचा धंदाच बसणार होता! १८५२ साली सॅम्युएल फॉक्सने पोलादी काड्यांचा सांगाडा काढला, छत्री हलकी झाली आणि ओली छत्री घेऊन घरात येणाऱ्यांची संख्या वाढली. मग ओतीव लोखंडाचे नक्षीदार स्टँड आले, बिडाचा ट्रे सुद्धा. (शिकार केलेल्या हत्तीचा पाय पोकळ करून त्याचाही छत्रीस्टँड करत. साहेबांची अभिरुची!)

आपल्याकडे खंडाळा-पुणे रेल्वे १८५८ मध्ये सुरू झाली, भोर घाट १८६३ मध्ये जोडला गेला. मुंबईत इब्राहिम करीम यांची छत्र्यांची पेढी १८६० ची. काळी छत्री मास्तर आणि कारकुनाच्या काखेत आली. घरात तिच्यासाठी खुंटी होतीच, दांड्याच्या आकड्याला तेवढी पुरे. खाली थेंबांचं तळं व्हायचं, ते पुसायचं काम अर्थातच घरातल्या बायकांकडे.

मग १९२८ च्या सुमारास जर्मनीत हान्स हाउप्टने घडीची छत्री आणली. पुढे ती सगळीकडे पसरली, पिशवीत मावू लागली आणि स्टँडची गरज बरीचशी संपली. आज दारात दिसतो तो बहुतेक वेळा शोभेसाठीच.

तरीही घ्यायचाच असेल तर रंगाआधी बूड बघा. चार लांब छत्र्या एकाच बाजूला कलल्या तरी कलंडू नये इतकं जड आणि रुंद हवं. ट्रे निघणारा हवा, नाहीतर जून-जुलैत डासांची सोय होते. आणि गच्चीतली मोठी छत्री वारा सुटला की मिटून ठेवा. कार्ल्याच्या छत्रीसारखा डोंगर तिच्या डोक्यावर नसतो.