निम्म्यावर थांबलेला रंग

विमानाचा रंग बदलतो, नोंदणी क्रमांक सहसा बदलत नाही. एअर इंडियाच्या १९८९ सालच्या फसलेल्या पोशाखाचा माग काढायला ही एक गोष्ट फार उपयोगी पडते. कंपन्या यशाची पत्रकं जपून ठेवतात. माघारीचा कागद शोधावा लागतो. मात्र विमानतळांच्या कुंपणाशी उभं राहून छायाचित्रं टिपणाऱ्या हौशी मंडळींनी तारखा आणि क्रमांक नेमाने लिहून ठेवले. ती छायाचित्रं क्रमाने लावली की हकीकत उलगडते.

आधी जुनं रूप. १८ एप्रिल १९७१ रोजी पहिलं जंबो, ‘एम्परर अशोक’, मुंबईत उतरलं. त्याच्या प्रत्येक खिडकीभोवती लाल महिरप रंगवलेली होती, राजवाड्याच्या झरोक्यासारखी. आकाशातला महाल अशी जाहिरातच होती. पुढच्या जंबोंनाही सम्राटांची आणि राजांची नावं मिळाली. त्यांत एक ‘शिवाजी’ही होतं. १९४८ पासूनचं धनुर्धारी हे बोधचिन्ह जे. आर. डी. टाटांच्या पसंतीचं.

१९८९ मध्ये लँडॉर या अमेरिकी संस्थेने केलेलं नवं रूप आलं: गडद लाल शेपूट, तिच्यावर सोनेरी चक्र (काही वर्णनांत त्याला सूर्य म्हटलंय) आणि अंगावरून गेलेली सोनेरी रेघ. महिरपी गेल्या. प्रवाशांनी तक्रारी केल्या. त्या नव्या चक्राबद्दल कमी आणि जुने रंग गेल्याबद्दल जास्त होत्या. नवा रंग ताफ्यातल्या जेमतेम निम्म्या विमानांना लागला आणि दोनेक वर्षांत तो प्रयोग गुंडाळला गेला. १९९३ साली दाखल झालेल्या ‘कोणार्क’ या ७४७-४०० विमानाच्या छायाचित्रात खिडक्यांवर महिरपी पुन्हा हजर आहेत.

येवल्यात पैठणी घेणारं जाणतं गिऱ्हाईक पदर उलटून मागची बाजू बघतं. इथेही न रंगवलेली निम्मी विमानंच जास्त बोलतात. तोटा कुठे झाला, तेही त्यांवरून कळतं. चित्रकाराचा मोबदला एकदाच द्यायचा असतो. खरा खर्च जुना रंग खरवडण्याचा, नवा चढवण्याचा आणि तेवढे दिवस हँगरमध्ये न कमावता उभ्या राहिलेल्या विमानाचा. इथे तर काही विमानांवर तो दोनदा झाला. लोकांची थट्टा मात्र नेहमी चित्राच्या किमतीवर चालते. २००७ च्या जूनमध्ये लंडन ऑलिंपिकचं चिन्ह जाहीर झालं तेव्हा चार लाख पौंड हा आकडाच सगळ्यांच्या तोंडी झाला आणि ते मागे घ्यावं म्हणून हजारोंनी सह्या केल्या. पण आयोजक बधले नाहीत. २०१२ च्या स्पर्धा त्याच चिन्हाखाली झाल्या. त्या मानाने एअर इंडियाने माघार लवकर घेतली. ती सौंदर्यदृष्टीमुळे घेतली असं मला वाटत नाही. परक्या विमानतळावर लांबून लाल महिरपी दिसणं, ही घराकडे निघालेल्या माणसाची ओळखखूण होती आणि तो तिकिटाचे पैसे मोजत होता.

धडा मात्र फाईलबंद राहिला असावा. डिसेंबर २००५ मध्ये इंडियन एअरलाइन्सचं ‘इंडियन’ झालं, शेपटीवर कोणार्कचं चाक आलं. रंग पुरता वाळतो न वाळतो तोच २२ मे २००७ रोजी, एअर इंडियातल्या विलीनीकरणासाठी, आणखी एक चिन्ह जाहीर झालं: उडणारा हंस आणि त्याच्या पोटात तेच चाक. धनुर्धारी तेव्हा निवृत्त झाला.

१० ऑगस्ट २०२३ रोजी, टाटांकडे परतलेल्या कंपनीने ‘द व्हिस्टा’ हे चिन्ह पुढे आणलं. फ्यूचरब्रँड संस्थेने केलेल्या या रचनेत सोनेरी खिडकीच्या चौकटीचा वरचा भाग आहे आणि प्रेरणा म्हणून कंपनीने जुना झरोकाच सांगितला. समाजमाध्यमांवर त्याचीही टर उडाली. या वेळी मात्र रंगकाम थांबलं नाही.