बाबागाडीची घडी

बाबागाडी जन्मली ती उमरावाच्या घरीं. सामान्य आईच्या सोयीची होण्यास तिला सव्वादोनशेंहून अधिक वर्षें लागलीं. इ. स. १७३३ मध्यें विल्यम केंट या इंग्रज वास्तुशिल्पज्ञानें डेव्हनशायरच्या ड्यूकच्या मुलांसाठीं शिंपल्याच्या आकाराची गाडी घडविली. ती ओढावयास बोकड किंवा तट्टू! म्हणजे तें श्रीमंती खेळणेंच. पुढें गाडीस मूठ आली, माणसें ती ढकलूं लागलीं. पण ती बहुधा जडच राहिली. जिना आला कीं आई हतबल होई. स्पिटफायर विमानाच्या मिटणाऱ्या चाकांच्या रचनेंत ज्यांचा हात होता, त्या ओवेन मॅक्लारेन यांनीं नातीची अवजड गाडी पाहून १९६५ मध्यें अ‍ॅल्युमिनियमची, छत्रीसारखी मिटणारी गाडी सिद्ध केली. वजन अवघें ६ पौंड! एका कडेवर मूल, दुसऱ्या हातांत गाडी.