आडव्या वाऱ्यातील विमान-अवतरण

धावपट्टीच्या दिशेशी कोन करून वाहणाऱ्या वाऱ्यात विमान जमिनीवर उतरविण्याची क्रिया. हलक्या विमानांना या वेळी वारंवार अपघात होतात. त्यांत प्राणहानी सहसा होत नाही. चाके, पंखांची टोके व प्रचालक यांची मोडतोड मात्र होते.

या अपघातांचा इतिहास म्हणजे बव्हंशी धावपट्टीचाच इतिहास होय. आरंभीची विमाने मोकळ्या गवताळ मैदानांवर उतरत. मैदानास ठराविक दिशा नसल्याने वैमानिक वारा पाही व त्याला सामोरा उतरे. तरीही वाऱ्याचा उपद्रव होताच. ल्वी ब्लेर्यो यांनी २५ जुलै १९०९ रोजी इंग्लिश खाडी ओलांडली, तेव्हा डोव्हरच्या किल्ल्याजवळील उतारावर झोतांच्या वाऱ्यात त्यांचे विमान आदळून चाकांचा सांगाडा व प्रचालक मोडला. विशेष हे की, त्या विमानाची पुढील चाके तिरकस उतरताना आपोआप वळतील अशीच बसविलेली होती.

पुढे विमाने जड झाली, दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास पक्क्या धावपट्ट्या सर्रास आल्या आणि उतरण्याची दिशा वाऱ्याऐवजी जमिनीने ठरू लागली. याचा भार लहान विमानांवर पडला. ताशी २० किमी.चा काटकोनी वारा असता ताशी १०० किमी. वेगाने उतरणाऱ्या विमानास नाक सु. ११·५ अंश वळवून यावे लागते, २५० किमी. वेगाच्या विमानास ५ अंशही लागत नाहीत. टेकण्यापूर्वी नाक सरळ करावे लागते किंवा वाऱ्याकडील पंख झुकवून, सुकाणू उलट बाजूस देऊन, त्या बाजूचे चाक प्रथम टेकवावे लागते.

खरा धोका टेकल्यानंतरचा. शेपटीखाली चाक असलेल्या विमानाचा गुरुत्वमध्य मुख्य चाकांच्या मागे असतो. विमान थोडे वळले की जडत्वाने ते अधिकच वळते व शेपटी गरकन पुढे येते. नाकाखाली चाक दिल्यास गुरुत्वमध्य मुख्य चाकांच्या पुढे येतो व विमान आपोआप सरळ होते. अमेरिकन अभियंता फ्रेड वीक यांनी ही रचना १९३४ मध्ये आपल्या डब्ल्यू-१ या विमानात वापरली. तिच्याच आधारे घडविलेल्या अर्कूप विमानास (प्रमाणपत्र १९४०) सुकाणूची पावटीच नव्हती. ते तिरके टेकवले तरी चाके त्यास सरळ करीत. वैमानिकाची परीक्षाच टाळणारा हा उपाय धाडसी खरा, परंतु जुन्या वळणाच्या वैमानिकांना तो रुचला नाही व पुढे पावट्या पुरविण्यात आल्या. नाकाखालील चाक मात्र रूढ झाले. सेसना १७२ (१९५६) हे त्याचे परिचित उदाहरण होय.

सेसना १७२ च्या नंतरच्या नमुन्यांच्या पुस्तिकांत आडव्या वाऱ्याचा वेग ताशी सु. २८ किमी. दिलेला असतो. ती मर्यादा नव्हे, चाचणीत सिद्ध झालेला आकडा होय; पुष्कळांची येथे गफलत होते. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या शिफारशीनुसार धावपट्ट्यांच्या दिशा किमान ९५ टक्के वेळ वापरता येतील अशा आखाव्यात. त्यासाठी आडव्या वाऱ्याचा वेग लहान धावपट्टीस ताशी १९ किमी., तर मोठ्या विमानांच्या धावपट्टीस सामान्यतः ३७ किमी.पर्यंत चालतो. युद्धकालीन ब्रिटिश विमानतळांवर परस्परांना छेदणाऱ्या तीन धावपट्ट्या असत. त्यांपैकी अनेक ठिकाणी पुढे एकच उरली आणि तिच्यावरच लहान विमानेही उतरतात.