हायगेन्सची पाच उदाहरणे

महाभारताच्या वनपर्वात नलराजाचे आख्यान आहे. द्यूतात राज्य गमावलेला नल बाहुक या नावाने अयोध्येच्या ऋतुपर्ण राजाच्या पदरी सारथी होऊन राहतो. विदर्भाकडे रथ धावत असता वाटेत एक बेहड्याचे झाड लागते. ऋतुपर्ण एका दृष्टिक्षेपात त्याच्या दोन फांद्यांवरील पानांची आणि फळांची संख्या सांगतो. नलाचा विश्वास बसत नाही. तो रथ थांबवतो, झाड तोडतो, फळे मोजतो आणि राजाचे म्हणणे खरे ठरल्याचे पाहून थक्क होतो. तेव्हा ऋतुपर्ण सांगतो की, आपल्याला फाशांचे मर्म अवगत आहे आणि गणनेतही आपण निपुण आहोत. अश्वविद्येच्या मोबदल्यात नल हे अक्षहृदय शिकतो आणि त्याच क्षणी त्याच्या देहातील कली बाहेर पडतो.

या कथेत एक गोष्ट मोठी सूचक आहे. फाशांचे ज्ञान आणि थोड्यावरून पुष्कळाचा अंदाज करण्याचे ज्ञान, ही दोन्ही एकाच माणसाच्या ठिकाणी एकत्र नांदत आहेत. आज ज्यांना संभाव्यताशास्त्र आणि संख्याशास्त्र म्हणतात, त्या दोन विद्यांचे नाते कथाकाराच्या कल्पनेला कोठेतरी जाणवले असावे. मात्र अक्षहृदय म्हणजे नेमके काय, हे आख्यानात सांगितलेले नाही. ते गुरूने शिष्याला द्यावयाचे रहस्य राहिले. पुढे ११५० साली भास्कराचार्यांनी ‘लीलावती’च्या अंकपाश प्रकरणात मांडणीचे प्रकार मोजण्याची रीत उदाहरणांसह दिली. शंभूच्या दहा हातांत दहा आयुधे किती प्रकारांनी देता येतील, याचे उत्तर ३६,२८,८०० आणि हरीच्या चार हातांसाठी २४. मोजणीची कला अशी सिद्ध होती. ‘लीलावती’त ती मूर्तींच्या रूपभेदांची गणना म्हणून येते, फाशांच्या दानांशी तिची गाठ तेथे घातलेली नाही.

ती गाठ युरोपात पडली आणि तीही सरळपणे पडली नाही. १४९४ साली लुका पाचोली या इटालियन गणितज्ञाने एक प्रश्न छापला. दोन पक्ष साठ गुणांच्या खेळाला बसले आहेत. एकाचे पन्नास आणि दुसऱ्याचे वीस गुण झाले असता खेळ बंद पडला. तर पणाची रक्कम कशी वाटावी? पाचोलीने ती पाचास दोन या प्रमाणात वाटली. १५५६ साली तार्तालियाने त्यावर आक्षेप घेतला. एकाचे दहा गुण झाले असून दुसऱ्याचा एकही झाला नसेल, तर या रीतीने सगळी रक्कम पहिल्यालाच द्यावी लागेल! हा प्रश्न गणिताचा नसून न्यायनिवाड्याचा आहे, असे त्याचे मत पडले. दोघांचीही दृष्टी झालेल्या खेळावर होती. न्याय मात्र व्हावयाच्या खेळावर अवलंबून आहे, हे उमगण्यास आणखी शंभर वर्षे लागली.

दरम्यान फासे खेळणारे लोक आपल्या परीने शिकत होते. तीन फासे टाकले असता नऊची बेरीज सहा प्रकारांनी होते आणि दहाचीही सहाच प्रकारांनी होते. तरी दहाचे दान अधिक वेळा पडते, असा मुरलेल्या जुगाऱ्यांचा अनुभव होता. हा प्रश्न गॅलिलिओपुढे आला. त्याने दाखवले की, ३, ३, ३ हे त्रिकूट एकाच रीतीने पडते, पण १, २, ६ हे त्रिकूट सहा रीतींनी पडू शकते. तशी मोजणी केली म्हणजे २१६ शक्यतांपैकी नऊच्या वाट्यास २५ आणि दहाच्या वाट्यास २७ येतात. फरक अवघा दोनाचा. पण पटावर आयुष्य घालवलेल्या माणसांच्या डोळ्यांनी तो टिपला होता. त्यांना दिसत होते ते खरे होते. का, ते सांगता येत नव्हते.

१६५४ साली अर्धवट राहिलेल्या खेळाचा तो जुना प्रश्न पॅरिसच्या ब्लेझ पास्कालच्या हाती आला आणि त्याविषयी त्याचा तुलूझ येथील न्यायाधिकारी प्येर द फर्मा याच्याशी पत्रव्यवहार सुरू झाला. दोघांनी प्रत्येकी ३२ मोहरा लावल्या आहेत. जो आधी तीन डाव जिंकेल त्याला ६४ मिळावयाच्या. पहिल्याचे दोन डाव झाले आहेत आणि दुसऱ्याचा एक. पास्कालचा विचार असा : पुढचा डाव पहिल्याने जिंकला तर सगळ्या ६४ त्याच्या, हरला तर बरोबरी होऊन ३२ त्याच्या. म्हणजे ३२ तर कोणत्याही स्थितीत त्याच्याच. उरलेल्या ३२ वर दोघांचा हक्क समान, म्हणून त्यांतल्या १६. एकूण ४८. फर्माच्या रीतीने पाहिले तर आणखी दोन डावांत निकाल खात्रीने लागतो. त्या दोन डावांचे चार प्रकार होतात आणि त्यांपैकी तीन पहिल्याला अनुकूल आहेत. चौसष्टांचे तीन चतुर्थांश म्हणजे पुन्हा ४८.

यावर पॅरिसमधील रोबेर्व्हाल या गणितज्ञाने शंका काढली. पहिल्याने पुढचा डाव जिंकला की खेळ संपला. मग न खेळलेला डाव हिशेबात का धरावा? शंका वरवर रास्त दिसते. परंतु तिच्यामागे न्यावे तर तीनच प्रकार उरतात आणि ते तिन्ही समान शक्यतेचे आहेत, असा भ्रम होतो. या भ्रमाची मोहिनी एवढी की, शंभर वर्षांनंतर, १७५४ साली, फ्रेंच विश्वकोशात दालंबेरसारखा थोर गणितज्ञ त्याच खड्ड्यात पडला. नाणे दोनदा उडवले असता निदान एकदा छापा पडण्याची शक्यता तीन चतुर्थांश नसून दोन तृतीयांश आहे, असे त्याने लिहिले. आजही शाळेतील पहिल्या धड्यात विद्यार्थी हीच चूक करतो. तेव्हा त्याने फार लाजण्याचे कारण नाही.

पास्काल आणि फर्मा यांची पत्रे खाजगी होती. १६५५ साली ख्रिस्तियान हायगेन्स हा हॉलंडचा तरुण पॅरिसला आला, तेव्हा या प्रश्नांची चर्चा त्याच्या कानांवर पडली. पण सोडवण्याच्या रीती कोणी सांगितल्या नाहीत. मायदेशी परतून त्याने सर्व काही मुळापासून स्वतः रचले. शनीचा उपग्रह शोधणारा आणि लंबकाचे घड्याळ घडवणारा तो हाच हायगेन्स. १६५७ साली, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी, त्याची द्यूतगणितावरील पुस्तिका त्याचे गुरू फ्रान्स फान स्कोटेन यांच्या ग्रंथाला जोडून लॅटिनमध्ये प्रसिद्ध झाली. या विषयावर छापले गेलेले ते पहिले पद्धतशीर पुस्तक. त्यात चौदा प्रमेये आहेत आणि शेवटी पाच उदाहरणे आहेत. ती उदाहरणे त्याने रीत न देता तशीच सोडली. काहींची उत्तरे दिली, काहींची तीही नाहीत. सिद्धता लिहिणे फार लांबले असते, हे एक कारण. आणि वाचकांना अभ्यासासाठी काही शिल्लक ठेवावे, हे दुसरे.

ही पाच उदाहरणे म्हणजे या शास्त्रातील पहिला ‘स्वाध्याय’ होय. त्यांचा इतिहास पुस्तिकेच्या इतिहासाइतकाच मोलाचा आहे.

दुसरे उदाहरण पाहावे. बारा सोंगट्या आहेत, चार पांढऱ्या आणि आठ काळ्या. तीन खेळाडू डोळे बांधून पाळीपाळीने एकेक सोंगटी उचलतात. ज्याच्या हाती प्रथम पांढरी येईल तो जिंकला. तिघांच्या आशा कोणत्या प्रमाणात आहेत? १६६५ साली आम्स्टरडॅमचा योहान हुडे आणि हायगेन्स यांच्यात याविषयी पत्रव्यवहार झाला आणि दोघांची उत्तरे जुळेनात. शोध घेता दिसले की, गणित कोणाचे चुकते हा प्रश्नच नव्हता. दोघे निरनिराळे प्रश्न सोडवीत होते. उचललेली काळी सोंगटी परत ठेवली, तर प्रमाण ९ : ६ : ४ येते. परत न ठेवता बाजूला काढली, तर ते ७७ : ५३ : ३५ होते. उदाहरणाच्या शब्दांत सोंगटी परत ठेवावयाची की नाही, हे सांगितलेलेच नव्हते. एका लहानशा मौनामुळे दोन खरी उत्तरे निर्माण झाली. प्रश्न नीट विचारणे हेच अर्धे उत्तर असते, हा धडा या शास्त्राला पहिल्याच स्वाध्यायात मिळाला.

पाचवे उदाहरण अधिक भेदक आहे. दोन खेळाडूंपाशी प्रत्येकी बारा सोंगट्या आहेत आणि तीन फासे टाकले जात आहेत. अकरा पडले की पहिल्याने दुसऱ्यास एक सोंगटी द्यावयाची. चौदा पडले की दुसऱ्याने पहिल्यास द्यावयाची. ज्याच्यापाशी सगळ्या सोंगट्या गोळा होतील तो जिंकला. चौदाची दाने १५ आणि अकराची २७, म्हणजे प्रत्येक देवघेवीत पाचास नऊ असे प्रमाण. पाच आणि नऊ यांतील अंतर काही भयंकर वाटत नाही. पहिला खेळाडू मनाशी म्हणेल, थोडे उणे आहे, पण दैवाने साथ दिली तर भरून निघेल. हायगेन्सने दिलेले उत्तर मात्र असे आहे : २४,४१,४०,६२५ ला २,८२,४२,९५,३६,४८१. म्हणजे पाचाचा बारावा घात आणि नवाचा बारावा घात! दुसऱ्याची बाजू अकराशे पन्नास पटींहूनही अधिक भारी. एकेका दानातील लहानशी उणीव खेळ लांबत गेला की सर्वनाशाच्या खात्रीत रूपांतर पावते. द्यूतसभेत ‘आणखी एक डाव’ म्हणणाऱ्या प्रत्येक युधिष्ठिराला हे उत्तर कोणीतरी आधी सांगावयास हवे होते.

अर्धशतकभर युरोपातील उत्तमोत्तम बुद्धी या पाच उदाहरणांवर घासून धारदार झाल्या. १७०८ साली माँमोरने त्यांची उत्तरे फ्रेंचमध्ये छापली. धर्मच्छळामुळे फ्रान्स सोडून लंडनला शिकवण्या करून पोट भरणाऱ्या द म्वाव्हरने १७११ साली पाचव्या उदाहरणाची सुंदर रीत दिली. बाझेलच्या याकोब बेर्नुलीने तर हायगेन्सची सबंध पुस्तिका आपल्या ग्रंथाचा पहिला भाग म्हणून घेतली आणि तिच्यावर भाष्य लिहिले. दुसऱ्या उदाहरणाचे निरनिराळे अर्थ करून प्रत्येकाचे उत्तर मांडले. १७०५ साली तो वारला. ग्रंथ १७१३ साली प्रसिद्ध झाला. त्याच्या चौथ्या भागात बेर्नुलीने प्रश्नच उलटा केला. भांड्यात किती पांढरे आणि किती काळे खडे आहेत हे ठाऊक नसेल, तर खडे पुन्हा पुन्हा काढून ते प्रमाण कळेल काय? कळेल, असे त्याने सिद्ध केले. निरीक्षणे वाढवावी तसतशी खात्री वाढते. मात्र किंमत जबर होती. त्याने घेतलेल्या उदाहरणात पुरेशा खात्रीसाठी २५,५५० वेळा खडा काढणे आवश्यक ठरले.

फाशांचे गणित माणसांच्या जगात शिरले ते याच वाटेने. १६६२ साली लंडनच्या जॉन ग्राँटने मृत्यूच्या नोंदींवरून एक कोष्टक केले होते : जन्मलेल्या शंभरांपैकी सहा वर्षांपर्यंत ६४ जगतात, सोळापर्यंत ४०, सव्विसापर्यंत २५, आणि असेच पुढे. १६६९ साली ख्रिस्तियान हायगेन्स आणि त्याचा भाऊ लोडेवाइक यांनी या कोष्टकावर पत्रांतून वाद घातला. लोडेवाइकने सर्वांच्या आयुष्यांची बेरीज करून शंभरांनी भागले. सरासरी सुमारे १८ वर्षे आली. ख्रिस्तियानने कोष्टकाची वक्ररेषा काढून पाहिले, तर निम्मी मुले अकरा वर्षांच्या आसपासच मृत्यू पावत होती. दोन्ही आकडे बरोबर होते. आयुष्यभर द्यावयाच्या वर्षासनाची किंमत ठरवावयाची तर पहिला आकडा उपयोगी. नुकतेच जन्मलेले मूल कोणत्या वयापर्यंत जगेल, यावर समसमान पैज लावावयाची तर दुसरा. सोंगट्यांच्या उदाहरणातला तोच धडा येथे पाळण्याजवळ येऊन उभा राहिला होता.

भारतात या विद्येने शेतात पाऊल टाकले. १९३१ साली प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी कलकत्त्यास भारतीय सांख्यिकी संस्था स्थापन केली. सातारा जिल्ह्यातील बुध गावी १९११ साली जन्मलेले आणि पुण्यास फर्ग्युसन महाविद्यालयात शिकलेले पांडुरंग वासुदेव सुखात्मे १९४० नंतर कृषी अनुसंधान परिषदेत पीक-कापणीच्या प्रयोगांत गढले. सर्व शेते मोजणे अशक्य. म्हणून यदृच्छेने काही शेते निवडावयाची, त्यांतला एक तुकडा आखून कापावयाचा आणि त्यावरून जिल्ह्याचे उत्पन्न काढावयाचे. ऋतुपर्णाच्या दोन फांद्याच त्या! परंतु तुकडा फार लहान घेतला की उत्पन्नाचा आकडा वास्तवापेक्षा फुगतो, हे सुखात्मे यांनी १९४६च्या सुमारास दाखवून दिले. कारण साधे होते. सीमेवरचे रोप आत धरावे की बाहेर, अशी शंका आली की कापणाऱ्याचा हात ते आत ओढतो. आणि तुकडा जितका लहान, तितकी त्याच्या क्षेत्राच्या मानाने सीमा मोठी. ज्या देशाने १९४३ साली बंगालचा दुष्काळ पाहिला होता, तेथे फुगलेला आकडा म्हणजे कागदावर असलेले आणि कोठारात नसलेले धान्य होते.

सोंगटी परत ठेवावयाची की नाही आणि रोप आत धरावयाचे की बाहेर, हे दोन प्रश्न एकाच जातीचे आहेत. पहिला १६५७ साली एका डच तरुणाने वाचकांच्या अभ्यासासाठी मोकळा सोडला होता. आजही या शास्त्राची पुस्तके फासे, पत्ते आणि रंगीत खड्यांच्या उदाहरणांनीच उघडतात आणि विद्यार्थी कधी कधी कंटाळून विचारतो की, हे पोरखेळ कशासाठी? बेहड्याच्या झाडाखाली नलानेही ऋतुपर्णाच्या शब्दावर विसंबून न राहता फळे स्वतः मोजली होती. अक्षहृदय त्याला मिळाले ते त्यानंतर.