सांसांच्या टेकडीवर, नखाएवढ्या हाडापाशी

चपला काढू नका, ढेकळं तापली आहेत. दक्षिण फ्रान्समधलं सांसां गाव, 1840च्या आसपासचा उन्हाळा. सावली एकाच झाडाची, तीही बैलांनी बळकावलेली. पांढरी धूळ नाकात जाते, ओठांवर बसते. कुदळी दणादण पडताहेत. कुणीतरी लसूण चोळलेला पाव सोडलाय. त्याचा वास आणि शेणाचा वास एकदमच येतो. मजूर गास्कन बोलीत हाका मारताहेत. अक्षर कळत नाही, पण घागरीकडे दाखवलेलं बोट कळतं.

घामाने निथळणारे ते गृहस्थ एदुआर लार्ते. शिकले वकिली. शेतकऱ्यांना सल्ला देता देता एकाने मोबदल्यात मास्टोडॉनचा, म्हणजे हत्तीच्या पुरातन भाऊबंदाचा, दात आणून दिला आणि गडी टेकड्या उकरू लागला. याच टेकडीत 1837 साली त्यांना वानरकुळातल्या प्राण्याचा जबडा सापडला. त्याचं कौतुक साऱ्या जगाला. तुम्ही मात्र इथे, खाली वाका.

तळहात पुढे करा. श्वास रोखा, नाहीतर उडेल.

नखाएवढं हाड. दंडाचं हाड म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे नळी येते. हे तर चपटं, रुंद, पंख पसरलेल्या पाखरासारखं. कडेवरून हलकेच बोट फिरवा. कंगोरे लागले? तिथे स्नायू घट्ट बसायचे. या दंडाने तो प्राणी पोहणाऱ्यासारखी माती बाजूला सारत अंधारात पुढे जायचा, दीड कोटी वर्षांपूर्वी. हा मोल. महाराष्ट्रात तो आढळत नाही, म्हणून तुम्ही गोंधळलात. शेजारचा शेतकरी गोंधळणार नाही. त्याच्या कुरणात रोज सकाळी मातीचे ढीग उठलेले असतात.

पण हा मोल नेमका कुणाचा कोण? मला सगळ्यात मोह पडतो तो याच प्रश्नाचा. उत्तर या कंगोऱ्यांत आणि दातांच्या उंचवट्यांत आहे. लार्ते 1851 साली त्याला गावाचंच नाव देतील, सान्सानिएन्सिस. प्रजातीचं नाव मात्र 1899 साली क्लोद गेयार देतील: प्रोस्कापॅनस. स्कापॅनस हे अमेरिकेच्या पश्चिम भागात आजही बोगदे खणणारे मोल. म्हणजे हातातल्या या हाडाचे जवळचे नातलग समुद्रापार, कॅलिफोर्नियात!

हाड हळूच कापसावर ठेवा. ऊन कलतंय, बैल जुंपले जाताहेत. टेकडी उतरताना पायाखाली काहीतरी मऊ दबेल. थांबा, वाकून मूठभर उचला. काळी, थंडगार, ओली माती. आत्ताच कुणीतरी खालून ढकललेली. तो इथलाच मोल. त्या हाडाच्या घराण्यातला नव्हे.