किल्लारी 1993: आधी कोणाकडे बघायचं?

आजचा भाग आपल्या मराठवाड्याचा. किल्लारीचा भूकंप म्हटलं की लातूर-नांदेडकडच्या प्रत्येक घरात एक तरी आठवण निघतेच. कोण अंगणात झोपलं होतं, फळीवरची भांडी कशी पडली, वगैरे. आज आपण त्या पहाटेकडे दवाखान्याच्या दारातून बघू. प्रश्न साधा आहे: एकदम शेकडो जखमी आले तर आधी कोणाकडे बघायचं? आणि ते ठरवतं कोण?

आधी इतिहास. 29 सप्टेंबर 1993 ला अनंत चतुर्दशी होती. गणपती बोळवून लोक घरी येऊन झोपले होते. 30 तारखेच्या पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी जमीन हलली. तीव्रता सुमारे 6.2. सगळ्यात मोठा फटका औसा आणि उमरगा तालुक्यांना बसला. सरकारी नोंदीप्रमाणे 7,928 माणसं गेली आणि सुमारे 16 हजार जखमी झाली. 52 गावं नंतर दुसऱ्या जागी नव्यानं वसवावी लागली.

आता 6.2 म्हणजे जगातल्या मोठ्या भूकंपांमध्ये काही फार वरचा आकडा नाही. मग एवढी माणसं का गेली? एक तर भूकंपाचं केंद्र जमिनीखाली फार खोल नव्हतं. आणि दुसरं कारण म्हणजे आपली माळवदाची घरं. मातीत रचलेल्या जाडजूड दगडी भिंती आणि वर मातीचे थरावर थर. उन्हाळ्यात थंडगार राहणारं तेच छप्पर त्या पहाटे झोपलेल्या माणसांवर आलं.

अशा ढिगाऱ्यातून काढलेला माणूस कधीकधी फसवतो. मांडीवर चार-पाच तास दगड होता, आता काढलाय. माणूस शुद्धीवर आहे, पाणी मागतोय, नाव सांगतोय. बघणाऱ्याला वाटतं, वाचला! आणि काही तासांनी त्याचं हृदय थांबतं, नाहीतर दोन दिवसांत किडनी बंद पडते.

हे कोडं सुटायला महायुद्ध लागलं. 1941 मध्ये, लंडनवर बॉम्ब पडत होते त्या काळात, बायवॉटर्स आणि बील या दोन डॉक्टरांनी ढिगाऱ्यातून काढलेल्या चार रुग्णांची नोंद ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापली. आज आपण त्याला क्रश सिंड्रोम म्हणतो. होतं असं, की दाबलेला स्नायू आतून मरायला लागतो. दगड उचलला की रक्त पुन्हा वाहतं आणि त्या स्नायूतलं पोटॅशियम आणि मायोग्लोबिन अंगभर पसरतं. पोटॅशियम हृदय थांबवू शकतं, मायोग्लोबिन किडनी तुंबवतं. 1988 च्या आर्मेनियाच्या भूकंपात अशा शेकडो लोकांना डायलिसिस लागलं, आणि मशीन कमी पडल्या.

पण हे सगळ्यात आधी कुठं दिसतं माहितीय? युरिन बॅगेत. लघवीचा रंग कोऱ्या चहासारखा होतो आणि प्रमाण घटतं. म्हणजे दर तासाला बॅग बघून मिली लिहिणारी सिस्टर किंवा ब्रदर जे पकडतात, ते दिवसातून दोनदा राउंडला येणाऱ्या डॉक्टरला दिसेलच असं नाही. सलाईन वेळेत आणि भरपूर गेलं तर किडनी वाचण्याची शक्यता वाढते. त्यातही पोटॅशियम असलेलं सलाईन टाळायचं. चुकीची बाटली लागली तर मदतच नडते.

आता मूळ प्रश्न. आधी कोण? नेपोलियनच्या सैन्यातला सर्जन लॅरे यानं दोनशे वर्षांपूर्वी नियम घातला: हुद्दा बघायचा नाही, जखम बघायची. 1983 मध्ये कॅलिफोर्नियात 'स्टार्ट' नावाची पद्धत निघाली. चालता येतंय त्यांना एका बाजूला घ्या. उरलेल्यांचे श्वास मोजा, मिनिटाला 30 च्या वर असतील तर हा आधी. मग नाडी किंवा नखाचा रंग, आणि साधी सूचना कळते का ते बघा. एका माणसाला एक मिनिटही द्यायचं नाही.

कोडिंग करणाऱ्यांना हे प्रायॉरिटी क्यूसारखं वाटेल. मलाही वाटलं. पण एक फरक आहे. इथं रांगेतली नोंद स्वतःच बदलत असते. दहा वाजता हिरवा टॅग लावलेला माणूस बारा वाजता लाल होतो, आणि तो तुम्हाला येऊन सांगत नाही. शिवाय जो ओरडतोय त्याचा श्वास निदान चालू आहे. गप्प पडलेल्याकडे आधी जावं लागतं, आणि ओरडणाऱ्याचे नातेवाईक तुमचा हात धरून ओढत असतात. तो हात सोडवून पुढं जाणं हा नर्सिंगचा निर्णय आहे, आणि त्याचं ओझं ज्याचं त्यालाच माहीत.

हे फक्त भूकंपातच होतं असं नाही. साध्या सर्जिकल वॉर्डात रात्री दोन वाजता पोटाच्या ऑपरेशनचा पेशंट शांत पडलाय. बीपी ठीक. पण नाडी 88 वरून 112 वर गेलीय आणि लघवी तासाला 50 मिलीवरून 20 वर आलीय. डॉक्टरांना आत्ता उठवायचं की सकाळच्या राउंडची वाट बघायची? अशा बारीक बदलांना गुण देऊन वेळीच धोका ओळखायची पद्धत 1997 मध्ये इंग्लंडमध्ये मांडली गेली. मात्र गुण द्यायला कोणीतरी खाटेजवळ जावं लागतं. ती पायरी कागद करत नाही.

म्हणूनच संख्या महत्त्वाची. 2002 मध्ये लिंडा एकेन आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियातल्या 168 रुग्णालयांचा अभ्यास छापला. सर्जरीच्या रुग्णांमध्ये, एका नर्सकडे एक पेशंट वाढला की 30 दिवसांत मृत्यूची शक्यता सुमारे 7 टक्क्यांनी वाढलेली दिसली.

आणि आता नांदेड. किल्लारीनंतर बरोबर तीस वर्षांनी, 30 सप्टेंबर ते 1 ऑक्टोबर 2023 या 24 तासांत आपल्या सरकारी रुग्णालयात 24 रुग्ण दगावले. त्यातली 12 नवजात बाळं होती. औषधं, खाटा, मनुष्यबळ यांवर प्रश्न उठले आणि मुंबई उच्च न्यायालयानं स्वतःहून दखल घेतली. या मृत्यूंचं एकच कारण सांगता येणार नाही, आणि तसं सांगणं त्या घरांवर अन्याय होईल. पण आपण बातमीत खाटा आणि औषधं मोजतो, तशाच रात्रपाळीला एका वॉर्डात किती नर्स होत्या हेही विचारायला हवं.

किल्लारीनंतर आपण घरं कशी बांधायची ते शिकलो. माळवदं गेली, नवी गावं उभी राहिली. रात्री दोन वाजता दुसऱ्यांदा बघायला माणूस असणं, हाही तयारीचाच भाग आहे. पुढच्या वेळी दवाखान्यात कोणाला भेटायला गेलात आणि सिस्टर तुम्हाला "थांबा" म्हणून दुसऱ्याच खाटेकडे गेल्या, तर चिडण्याआधी त्या कुठं गेल्या ते बघा. कदाचित तो गप्प पडलेला माणूस असेल.

तुमच्या घरात किल्लारीच्या वेळी दवाखान्यात काम केलेलं कोणी असेल, तर त्यांच्याशी बोला, रेकॉर्ड करून ठेवा. ही माणसं आता निवृत्त झालीत. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!