उभ्या गाडीचा इतिहास

केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ सालचे. त्यांतल्या नियम ११५ने पेट्रोलवर चालणाऱ्या चारचाकीच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड ३ टक्क्यांपेक्षा जास्त नको, दुचाकी-तीनचाकीच्या धुरात ४.५ टक्क्यांपेक्षा जास्त नको, अशी मर्यादा घातली. मोजायचं कधी? गाडी उभी असताना, इंजिन आयडलवर ठेवून. पीयूसीवाला सायलेन्सरमध्ये नळी घालतो ती यासाठीच. गाडी किती पळते हे सरकार विचारत नाही. ती उभ्याउभ्या श्वास कसा घेते, हे विचारतं.

जुन्या गाडीचं दुखणंही बहुतेकदा तिथेच कळतं, आणि त्याला कारण आहे. आयडलवर थ्रॉटलची झडप जवळजवळ बंद असते. पिस्टन हवा ओढत असतात आणि वाट मात्र अडवलेली, त्यामुळे इनटेक मॅनिफोल्डमध्ये जोरदार व्हॅक्यूम तयार होतो. अशा वेळी एखाद्या रबरी नळीला बारीक चीर असली, तर तिथून आत येणारी हवा एकूण हवेच्या मानाने बरीच ठरते. हायवेवर थ्रॉटल उघडा असतो, व्हॅक्यूम कमी असतो, आणि तीच चीर खिजगणतीतही राहत नाही. ‘पळताना मस्त, सिग्नलला बंद’ या तक्रारीचं मूळ पुष्कळदा इथे असतं.

कार्बोरेटरच्या काळात यावर दोन स्क्रू होते. एक थ्रॉटल किती मिटेल ते ठरवायचा, दुसरा आयडलचं पेट्रोल-हवेचं मिश्रण. कुर्ल्यात बनलेल्या प्रीमियर पद्मिनीपुढे मिस्त्री वाकलेला असायचा तो हे स्क्रू फिरवत. इंजिनाचा आवाज चढेपर्यंत फिरवायचं, मग किंचित मागे घ्यायचं. आकडा नियमपुस्तकात होता, पण मोजायचं यंत्र म्हणजे कान.

हे स्क्रू गेले ते कॅलिफोर्नियामुळे. अननसाच्या वासाचं रसायनशास्त्र अभ्यासणाऱ्या आरी हागेन-स्मित यांनी १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला दाखवून दिलं, की लॉस एंजेलिसच्या धुरक्यात गाड्यांच्या धुराचा मोठा वाटा आहे. पुढे कायदे कडक झाले, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आला. त्याची थ्री-वे जात नीट काम करायची, तर हवा आणि पेट्रोल यांचं वजनी प्रमाण १४.७ला १ याच्या अगदी जवळ राहावं लागतं. ते क्षणोक्षणी सांभाळणं कानाच्या आवाक्यातलं नव्हतं. १९७६ साली व्होल्वोने ऑक्सिजन मोजणारा लॅम्डा सेन्सर गाडीत बसवला आणि इंजिनाच्या कानाशी संगणक येऊन बसला.

आपल्याकडे हे न्यायालयाच्या वाटेने आलं. १९९९ साली सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली परिसरातल्या नव्या गाड्यांना युरो नियम लावले, आणि बघताबघता छोट्या गाड्यांवरही ‘एमपीएफआय’चे स्टिकर दिसू लागले. पण संगणक आला तरी त्याला प्रश्न विचारायची समान सोय आली नाही. अमेरिकेत १९९६पासून प्रत्येक नव्या कारला ओबीडी-२चं एकसारखं सॉकेट सक्तीचं होतं. भारतात बीएस-४ गाड्यांना ओबीडीचा पहिला टप्पा २०१०मध्ये लागला, दुसरा २०१३मध्ये. म्हणजे मधल्या दहाएक वर्षांतल्या गाड्यांना ना फिरवायला स्क्रू, ना कुठलाही स्वस्त स्कॅनर हमखास चालेल असं सॉकेट.

आमच्या घरची गाडी याच मधल्या पिढीतली, २००४ची. पुण्याच्या ट्रॅफिकमध्ये वीसेक मिनिटं चालली, की तिचं आयडल वर-खाली व्हायचं आणि अधूनमधून ती बंद पडायची. रोज नाही. गॅरेजला नेली की शहाण्यासारखी वागायची. पीयूसी पास. एका ठिकाणी प्लग बदलले, दुसरीकडे आयडलचा व्हॉल्व्ह, आणि शेवटी सल्ला मिळाला, “भंगारात काढा.” आईने उड्डाणपुलावरून गाडी न्यायचं सोडलं, मग गाडीच सोडली. पन्नाशीत शिकलेलं ड्रायव्हिंग असं सुटताना बघणं मला गाडीपेक्षा जास्त लागलं.

मी सॉफ्टवेअरमधला, मला लॉग हवा होता. ओळखीच्या एका जुन्या मिस्त्रींना आई हवी होती. “ताई, तुम्हीच चालवा, नेहमीसारखी,” म्हणाले आणि शेजारी बसले. इंजिन तापल्यावर गाडी सावलीत उभी करायला लावली, बॉनेट उघडलं आणि वाट बघत राहिले. आयडल डोलायला लागल्यावर एकेक नळी मॅनिफोल्डच्या तोंडाशी पकडीने दाबत गेले. तिसरी नळी दाबली आणि इंजिन शांत झालं. क्रँककेसची वाफ परत इनटेकमध्ये नेणारी नळी. वळणावर, खालच्या बाजूला चीर होती. थंड असताना रबर कडक, चीर मिटलेली; तापून मऊ झालं की उघडायची.

स्कॅनर असता तर? ओबीडी-२मध्ये बऱ्याच दोषांचा दिवा दोष लागोपाठ दोन फेऱ्यांत दिसल्याशिवाय पेटत नाही. दोष पुन्हा आला नाही तर साधारण ४० वेळा इंजिन तापून थंड झाल्यावर कोडही पुसला जातो. खोट्या दिव्यांनी लोक हैराण होऊ नयेत म्हणून हे योग्यच आहे. पण कधीतरी येणारा दोष नेमका याच फटीतून निसटतो.

या मधल्या पिढीची पंधरा वर्षांची नोंदणी आता संपलेली आहे. काहींची मुदत पाच-पाच वर्षांनी वाढते, बाकीच्या भंगारात जातात. त्यांच्या सर्व्हिस बुकात बदललेले पार्ट असतात. कुठे बंद पडली, किती वेळ चालल्यावर, एसी चालू होता का, हे नसतं. आईने ग्लोव्हबॉक्समध्ये एक वही ठेवली आहे. मिस्त्रींनी तिला विचारलेले हेच तीन प्रश्न पहिल्या पानावर आहेत.